फक्कीतले पाऊल

१

सात नंबरचा कप्पा रिकामा होता.

मीटरकाकांनी सहा नंबर पाहिला, आठ नंबर पाहिला, मग गुडघ्यांवर बसून रॅकच्या खाली डोकावले. बाकीच्या अडतीस कप्प्यांत अडतीस जोड शहाण्यासारखे बसले होते. त्यांचे निळे बूट तेवढे नव्हते.

शनिवारी सकाळचे आठ वाजले होते. रविवारी सकाळी सहाला एकवीस किलोमीटरची शर्यत होती.

काकांनी फोन काढला आणि थेट ताईला लावला.

“ताई, माझे बूट गेले.”

“कुठे गेले?”

“ते माहीत असतं तर तुम्हाला कशाला उठवलं असतं?”

ताई उठलेलीच होती. ती फिजिओथेरपिस्ट. धावणाऱ्यांच्या या क्लबातले अर्धेअधिक घोटे आणि गुडघे तिच्या हाताखालून गेलेले. ती आवाज चढवत नसे आणि मोजल्याशिवाय बोलत नसे. तिच्या पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण सहा इंची स्टीलची पट्टी असायचीच. वीस मिनिटांत ती क्लबच्या हॉलवर पोचली.

काका दारातच उभे होते. वय सत्तावन्न, अंगकाठी सडसडीत, चेहरा मात्र परीक्षेला हॉलतिकीट विसरून आलेल्या मुलासारखा. एकतीस वर्षे त्यांनी घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले, म्हणून मीटरकाका. ही शर्यत त्यांची तिसरी. पहिल्या वेळी नवव्या किलोमीटरला उजवा घोटा बाहेरच्या बाजूला मुडपला, दुसऱ्या वेळी चौदाव्याला. दोन्ही वेळा ते रुग्णवाहिकेत बसून शेवटच्या रेषेपर्यंत आले आणि दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या काकांना अजून टोचत होत्या. या वेळी त्यांना आपल्या पायांनी पोचायचे होते, आणि या वेळी त्यांच्याकडे पायांना मानवणारे बूट होते. कालपर्यंत.

“बूट आज संध्याकाळी पाचला मिळणार होते ना?” ताईने विचारले. “मग तुम्ही सकाळी आठला इथे काय करताय?”

काका ओशाळले. “नुसते बघायला आलो होतो. हातसुद्धा लावणार नव्हतो.”

क्लबच्या कोचचा, म्हणजे सरांचा, एक नियम होता. शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी सगळ्यांनी हॉलमध्ये अनवाणी व्यायाम करायचा, बूट रॅकमध्ये ठेवायचे आणि चपला घालून घरी जायचे. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत बुटांचे तोंड पाहायचे नाही. बूट घरात असले की माणसाचे पाय वळवळतात आणि माणूस नको तितका पळून येतो, असे सरांचे म्हणणे.

“कुलूप तोडलेलं नाही,” ताई म्हणाली. “किल्ल्या कोणाकडे असतात?”

“तिघांकडे. सर, अध्यक्ष आणि शेजारचे बेकरीवाले. मी बेकरीवाल्यांकडूनच मागून घेतली.”

ताई वाकली. रॅकच्या टोकाला फक्कीचा डबा कलंडला होता. मैदानावर रेषा आखायची ती पांढरी पूड गडद लाकडी फरशीवर हातभर पसरली होती. आणि तिच्या मधोमध एक अनवाणी उजवे पाऊल उमटले होते. जिथे पाय टेकला तिथली फक्की पायाला चिकटून गेली होती आणि खालचे लाकूड उघडे पडले होते. टाच स्पष्ट. पुढे चवडा आणि पाच बोटे, तीही स्पष्ट. मधे मात्र फक्की जशीच्या तशी. जणू त्या माणसाच्या पायाला मधला भागच नव्हता.

काका फक्कीवर वाकले.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “हे तर माझंच पाऊल आहे.”

२

काकांचे पाऊल क्लबात सगळ्यांना तोंडपाठ होते, कारण ते सूचनाफलकावर टाचलेले होते.

पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्यांदा घोटा मुडपल्यावर काका ताईच्या क्लिनिकवर आले, तेव्हा तिने आधी घोटा न पाहता त्यांचे जुने बूट टेबलावर ठेवले होते. दोन्ही बूट बाहेरच्या बाजूला कलंडून उभे राहिले.

“कसे दिसतात?”

“कंटाळल्यासारखे.”

“बाहेरची कड पार झिजलीये आणि आतली अगदी नवीकोरी. आता पाय ओला करा आणि या वर्तमानपत्रावर उभे राहा.”

काका उभे राहिले. कागदावर दोन बेटे उमटली, एक टाचेचे, एक चवड्याचे. “मधलं छापायचं राहिलं का?” त्यांनी निरागसपणे विचारले. वाळण्याआधी ताईने बेटांभोवती पेनने रेषा ओढली; पुढे हाच कागद नमुना म्हणून क्लबच्या फलकावर लागला.

ताईने समजावून सांगितले. बहुतेकांचा पाय जमिनीवर टेकला की थोडा आत झुकतो आणि त्या झुकण्यात धक्का जिरतो. काकांच्या तळव्याची कमान उंच आणि ताठ. ती दबत नाही, पाय बाहेरच्या कडेवरच राहतो, धक्का सरळ नडगीत जातो आणि एखादा खडा आला की घोटा बाहेर कलंडतो. त्यात दुकानदाराने काकांना आतल्या बाजूला टणक फोम बसवलेले ‘सपोर्ट’चे महागडे बूट दिले होते. ते आत कोसळणाऱ्या पायांसाठी असतात.

“म्हणजे तुम्ही आधीच कड्यावर उभे,” ताई म्हणाली, “आणि बूट मागून ढकलतोय.”

“आणि मी त्याला सपोर्ट समजत होतो!”

पुढच्या रविवारी दोघे दुकानात गेले. दुपारनंतरच, कारण दिवसभराने पाय थोडे फुगतात. ताईने एकेक बूट हातात घेऊन कपडा पिळावा तसा पिळून पाहिला. “बाई, बूट आहेत ते, टॉवेल नव्हेत,” दुकानदार कळवळून म्हणाला. पण तिला पिळला जाणाराच बूट हवा होता. मऊ, लवचिक, दोन्ही बाजूंना सारखाच फोम असलेला, टाचेला घट्ट आणि वर कमानीला ऐसपैस. काकांनी दहा जोड घातले आणि प्रत्येक जोड घालून दुकानाच्या बोळात पळून पाहिले. दहाव्याला ते परतलेच नाहीत. दुकानदार चिंतेने बाहेर गेला, तर काका कोपऱ्यावरून हसत येत होते.

त्यांच्या मापाचा जोड मागवायला पाच आठवडे लागले. ताईने लेसही वेगळी ओवून दिली. पायाच्या उंचवट्यावर फुली न घालता तेवढी जागा मोकळी ठेवली, म्हणजे वरून दाब नको. त्यानंतर तीन महिने काका एकदाही मुडपले नाहीत. गेल्या महिन्याच्या सरावात तर त्यांनी क्लबच्या अध्यक्षांना मागे टाकले होते.

तेच अध्यक्ष आता हॉलमध्ये येऊन पावलाभोवती फिरत होते. ते दातांचे डॉक्टर, बोलणे गोड, पण सुई कधी टोचली ते नंतर कळायचे. त्यांनी फलकावरचा कागद काढून फक्कीशेजारी धरला.

“दोन बेटं. बाकीच्या अडतीस जणांत असा पाय कोणाचाच नाही. काका, मनावर घेऊ नका, होतं असं. मोठ्या शर्यतीआधी भल्याभल्यांचं धाबं दणाणतं.”

“म्हणजे? मीच माझे बूट लपवले?”

“मी असं म्हणालो का?”

ते असे म्हणाले नाहीत. त्यांनी लिहिले. दहा मिनिटांत क्लबच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाचले: ‘काकांना शर्यतीचे दडपण आलेले दिसते. आपण सर्वांनी त्यांना समजून घेऊ या.’ खाली सत्तावीस जणांनी हात जोडले होते.

काका बाकावर बसले. “बूट गेले ते गेले,” ते म्हणाले, “पण आता उद्या जुने बूट घालून पळालो तर घोटा जाणार, आणि नाही पळालो तर म्हणणार, बघा, शेपूट घातली.”

 ताई पट्टी घेऊन फक्कीजवळ बसली होती. तिने पाऊल मोजले, मग कागद मोजला. लांबी जवळपास सारखी. मग तिने अंगठा मोजला, मग दुसरे बोट. पुन्हा एकदा मोजले.

“काका, तुमच्या पायाचा अंगठा सगळ्यात लांब आहे. इथे दुसरं बोट अंगठ्यापेक्षा चार मिलिमीटर पुढे गेलंय.”

“मग?”

“मग हा पाय तुमचा नाही.”

३

अध्यक्षांना ते पटले नाही. “बोटं वाकवली असतील,” म्हणून ते दवाखान्यात निघून गेले. ताईने ओळखले की नुसत्या मिलिमीटरने भागणार नाही. तिला पाय हवा होता.

बेकरीत भट्टीची ऊब होती आणि जमिनीवर पिठाचा थर. बेकरीवाले चपला बाजूला काढून कणकेच्या गोळ्याशी झुंजत होते. ताईने आत पाऊल टाकण्याआधीच खाली पाहिले. पिठात त्यांच्या पावलांची रांग होती. टाचेपासून बोटांपर्यंत सलग, भरगच्च, रबरी शिक्का मारल्यासारखी.

“तुमचे तळवे अगदी सपाट आहेत,” ती म्हणाली.

“ताई, सकाळी सकाळी माणसाच्या तळव्यांवर काय घसरता?”

“काकांचे बूट गेलेत. हॉलची किल्ली तुमच्याकडे असते. शेवटचे कधी गेला होतात आत?”

“मी? छे! मी कशाला जाऊ?”

हे त्यांनी इतक्या घाईने म्हटले की त्यांच्या बायकोने गल्ल्यामागून मान वर केली.

“अहो, सांगून टाका ना,” ती म्हणाली. “ताई, हे रोज पहाटे पाचला रिकामे ट्रे हॉलमध्ये ठेवतात. इथे जागा नाही. सरांना कळलं तर किल्ली काढून घेतील, म्हणून यांची बोबडी वळलीये.”

“तू नं...” बेकरीवाल्यांनी कणकेला एक गुद्दा हाणला. “बरं, गेलो होतो. पाचला. पण रॅककडे बघितलंसुद्धा नाही.”

“जमिनीकडे?”

“जमिनीवर पांढरं सांडलेलं होतं. मला वाटलं, माझंच पीठ. माझ्याच अंगावरून पडलं असणार, म्हणून काणाडोळा केला.”

म्हणजे फक्की पहाटे पाचच्या आधीच सांडली होती. शुक्रवारी साडेसातला हॉल बंद झाला, तेव्हा ती सांडलेली नव्हती. फरशी पुसूनच सगळे बाहेर पडले होते. ताईने काकांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

“काकू, काल संध्याकाळी काका कुठे होते?”

“माझ्या नजरेसमोर! शर्टाला नंबर लावत होते. लावला, काढला, सरळ केला, परत लावला. बारा वेळा. शेवटी मी पिनांची डबी लपवली. त्यांनी चोरी केली म्हणणाऱ्याला पाठवा माझ्याकडे.”

ताई हसली. मग ती अध्यक्षांच्या दवाखान्याकडे निघाली.

तिथे पेशंट नव्हता. तिने बुटांचे नाव काढायच्या आत अध्यक्षांनीच विषय काढला. “बरं झालं आलात. माझी टाच दुखतेय हो दोन आठवडे. बघता का?” आणि त्यांनी खुर्चीत पसरून बूट काढला, मोजा काढला आणि उजवा पाय तिच्या पुढ्यात धरला.

कमान उंच होती. आणि दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब होते.

४

ताईचा हात पर्समधल्या पट्टीकडे गेला. पण शिकतानाची एक सवय तिला होती: निष्कर्ष आवडला की तो पुन्हा तपासायचा.

“उभे राहा जरा.”

अध्यक्ष उभे राहिले आणि ती उंच कमान नरम उशीसारखी खाली बसली. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पायावरून काहीच सांगता येत नाही. वजन पडल्यावर पाय खरे बोलतो. तिने बेसिनजवळचा ओला नॅपकिन खाली टाकला, त्यांना त्यावर आणि मग कोरड्या फरशीवर पाय ठेवायला लावले. पाऊल भरून उमटले.

“तुमचा पाय आत झुकतो,” ती म्हणाली. “काकांच्या बरोबर उलट. तुम्हाला आतून आधार देणारेच बूट लागतील. आणि हे काय?” तिने त्यांच्या पायावरचा मातीचा वाळका ओघळ दाखवला. “आज सकाळी कुठे होतात?”

अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिले.

“अध्यक्ष.”

“तळ्यावर,” ते पुटपुटले. “घरातले जुने बूट घातले होते. चारच किलोमीटर. झोप येईना हो! काकांनी उद्या पुन्हा मला मागे टाकलं तर माझे पेशंटसुद्धा तोंड उघडताना हसतील. सरांना सांगू नका.”

“सांगत नाही. तळ्यावर काही दिसलं?”

“चिखल. आणि बुटांचे ठसे. माझ्या आधी कोणीतरी तळ्याला दोन फेऱ्या मारून गेलं होतं. काल संध्याकाळीच असणार, ठसे कडेने सुकले होते. मजा म्हणजे त्या ठशांची बाहेरचीच बाजू खोल गेलेली...” बोलता बोलता ते थांबले. “तेव्हा माझ्या डोक्यात नाही आलं.”

“कसं येईल? तुमच्या डोक्यात आधीच कोणीतरी बसलं होतं.”

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि उगीचच आरशाचा कोन बदलला.

ताई बाहेर येऊन पायरीवर बसली. बूट पळवून कोणी लपवले नव्हते, कचऱ्यात टाकले नव्हते. कोणीतरी ते घालून धावले होते. तळ्याला एक फेरी म्हणजे पाच किलोमीटर. नुकसान करायचे असते तर दहा किलोमीटर कोण पळेल? दहा किलोमीटर माणूस एकाच कारणाने पळतो: थांबवत नाही म्हणून.

आणि आणखी एक गोष्ट तिला सकाळपासून खटकत होती. सांडलेली फक्की तशीच सोडली होती. पाऊल पुसले नव्हते. रिकाम्या कप्प्यात फसवायला दुसरा जोड ठेवला नव्हता. हे कसलेच लपवणे नव्हते. ज्याने बूट नेले त्याला खात्री होती की शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत हॉलमध्ये कोणी पाऊल टाकणार नाही, आणि तोवर तो सगळे निस्तरणार होता.

पण बेकरीवाले रोज पहाटे आत जात. अध्यक्ष स्वतः नियम मोडून तळ्यावर गेले होते. इतर जण तो पाळतील असे ते कशाला समजतील? काकासुद्धा सकाळी आठला हजर झाले.

त्या नियमावर मनापासून विश्वास असणारा माणूस क्लबात एकच होता.

ताईने ग्रुप उघडला. रोज सकाळी सहापासून ‘पाणी प्या’, ‘पाय वर करून झोपा’, ‘मन खंबीर ठेवा’ असे डझनभर हुकूम सोडणाऱ्या सरांनी आज एक अक्षरही लिहिले नव्हते.

५

सरांच्या घराचे दार त्यांच्या बायकोने उघडले.

“या ताई. हे झोपलेत. अकरा वाजले तरी! एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.”

“काल उशिरा आले का, वहिनी?”

“नऊला आले. पायापासून गुडघ्यापर्यंत चिखल. मी म्हटलं, पडलात की काय? तर गाणं गुणगुणत आंघोळीला गेले. जेवताना तीनदा वाढून घेतलं. मला जरा काळजीच वाटतेय.”

दाराशी सरांच्या सँडल होत्या. दोन्ही बाहेरच्या कडेला इतक्या झिजल्या होत्या की भांडून एकमेकींकडे पाठ करून बसल्यासारख्या दिसत होत्या. गॅलरीत दोरीवर एक मोठा टॉवेल वाळत होता आणि टॉवेलखालून वर्तमानपत्र कोंबलेल्या बुटाचे निळे टोक डोकावत होते.

सर बाहेर आले. साठीचा माणूस, पाठ ताठ, आवाज मैदानभर पुरेल असा. त्यांनी ताईला पाहिले, ताईची नजर गॅलरीकडे गेलेली पाहिली आणि ते खुर्चीत बसले.

“मोजा काढा, सर,” ताई म्हणाली.

“कशाला?”

“शुक्रवारी सगळे अनवाणी असतात आणि तुम्ही एकटे जाड मोजे घालता. मला वाटायचं, तुम्हाला थंडी वाजते.”

 सरांनी मोजा काढला आणि पाय जमिनीवर टेकवला. टाच आणि चवडा यांच्या मधून पेन्सिल आरपार गेली असती. दुसरे बोट अंगठ्याच्या पुढे.

“माझा पण घोटा मुडपायचा,” ते म्हणाले. आवाज मैदानाचा राहिला नव्हता. “तरुणपणी तीन शर्यती सोडल्या मी. मला सांगण्यात आलं, तुझं मन कच्चं आहे. मी ते खरं मानलं. मग आयुष्यभर सगळ्यांना तेच शिकवलं, की बूट-बिट काही नसतं, मन पाहिजे. आणि हे काका! वर्तमानपत्रावर ओला पाय ठेवून आले, बूट बदलले आणि सत्तावन्नाव्या वर्षी सुसाट सुटले. माझी झोप उडाली हो.”

“म्हणून घालून बघितले.”

“दहा मिनिटं! सगळे गेल्यावर. म्हटलं, एकदा घालतो, म्हणजे काकांना छातीठोकपणे सांगता येईल की हे फॅड आहे. जाड मोज्यांनी घट्ट होत होते म्हणून मोजे काढले, तेवढ्यात डब्याला पाय लागला. तसाच पाय बुटात घातला आणि बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणार होतो.” ते थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक वेडे हसू पसरले, जे ताईने कधी पाहिले नव्हते. “ताई, जमीन टोचत नव्हती. साठ वर्षांत पहिल्यांदा जमीन मला टोचत नव्हती! एक फेरी झाली, म्हटलं आता थांबू. पण पाय ऐकेनात.”

“अहो!” वहिनी म्हणाल्या. “आणि मला वाटलं, तुम्हाला ताप आहे.”

“आतून फक्की, बाहेरून चिखल. तसे परत ठेवणार कसे? म्हणून धुतले. पाचपर्यंत वाळले असते, हॉलही झाडून ठेवला असता. सकाळी आठलाच काका येतील हे मला काय माहीत? नियम आहे ना!” यात त्यांना खरोखर अन्याय वाटत होता. “ग्रुपवर वाचलं आणि तोंड लपवून पडून राहिलो. ताई, गुपचूप ठेवून येऊ का? कोणाला कळायचं नाही.”

ताईने बूट हातात घेतले. आतला पातळ तळ वेगळा काढून वाळत घातला होता, लेसही धुतली होती. कुठे उसवलेले नव्हते. वाळायला अजून तीन-चार तास लागले असते, पण वाळले असते.

“बूट कळणार नाहीत कोणाला,” ती म्हणाली. “पण सत्तावीस जणांनी हात जोडून काकांना भित्रा ठरवलंय. ते कसं वाळवणार?”

 सरांनी काढलेला मोजा उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडली.

६

संध्याकाळी पाचला हॉल भरला. काका शेवटच्या बाकावर, शेजारी काकू, हाताची घडी घालून, कोणी काही बोललेच तर तयार. सर पुढे आले. त्यांच्या पायात मोजे नव्हते.

त्यांनी काहीही आडपडदा ठेवला नाही. डबा, फक्की, तळे, दोन फेऱ्या, सगळे सांगितले. पाय उचलून दाखवला. 

“काका भ्याले नव्हते,” ते शेवटी म्हणाले. “भ्यालो होतो मी. एवढी वर्षं मी जे शिकवलं ते चुकीचं निघेल म्हणून.”

त्यांनी बूट काकांच्या समोर ठेवले. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काकांनी एक बूट उचलला, आत हात घालून ओल पाहिली, लेस पाहिली.

“तळ्याच्या त्या चढावर कसे वाटले?” त्यांनी विचारले.

सर गोंधळले. “चढावर? चढावर तर... अहो, चढ आलाच नाही असं वाटलं!”

“हो की नाही! आणि उतारावर टाच कशी बसते?”

“लोण्यासारखी!”

“मी सांगत होतो ना हिला! हिला पटत नाही.”

“मला पटायला मी कुठे पळते?” काकू म्हणाल्या, पण त्यांच्या हातांची घडी सुटली होती.

पुढची पंधरा मिनिटे दोघे म्हातारे एक बूट मधे ठेवून असे बोलत बसले, जणू हॉलमध्ये दुसरे कोणी नव्हते. बाकीच्यांनी हळूहळू आपापले बूट उलटे करून तळ पाहायला सुरुवात केली. कोणीतरी पाण्याची बादली आणली. बेकरीवाल्यांनी आपण होऊन जुनी वर्तमानपत्रे आणली आणि ती हॉलमध्ये ट्रेंच्या मागे कशी काय सापडली हे सांगायचे टाळले. काकांनी सरांना लेस कशी ओवायची ते दाखवले. अध्यक्ष मात्र फोनमध्ये पाहत कोपऱ्यात उभे राहिले. ग्रुपवरचा मजकूर त्यांनी पुसून टाकला होता. त्याच्या जागी त्यांनी दुसरे काही लिहिले नाही.

रविवारी हवा छान पडली होती. सातशे लोक सुटले. ताई विसाव्या किलोमीटरवर बर्फाची पेटी आणि पट्ट्या घेऊन उभी होती, कारण घोटे मुडपतात ते याच टप्प्यात, पाय दमलेले असताना. तिने घड्याळ पाहिले नाही. पाहिले तर काळजी वाटेल, म्हणून.

आधी अध्यक्ष दिसले, लालबुंद. त्यांच्या मागे वळणावरून निळे बूट आले. काका हळू नव्हते आणि घाईतही नव्हते. पाय पडत होता, वाकत होता, उचलला जात होता. रस्त्यावर एक खडा होता. उजवा पाय त्यावर पडला, थोडा हलला आणि सरळ झाला. ताईने बर्फाच्या पेटीचे झाकण लावले.

काका अध्यक्षांच्या बरोबरीला आले. काही पावले दोघे जोडीने धावले.

“काका,” अध्यक्ष धापा टाकत म्हणाले, “मी ते... लिहिलं... चुकलं हो माझं... मनापासून...”

“पळताना बोलू नका, डॉक्टर,” काका म्हणाले. “दम जातो.”

आणि ते पुढे गेले.